डाळिंबावरचा डाग पडद्यावर का पुसला जातो?

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरातील माझ्या ओळखीची एक संशोधक विद्यार्थिनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर भगवा जातीचे डाळिंब धरून बसली होती आणि पडद्यावरच्या चार चौकटींतून युरोपातील तिचे सहकारी ते फळ निरखत होते. फळावर तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा डाग होता. सालीवर पाण्याने भिजल्यासारखा गडद ठिपका आणि त्याभोवती किंचित चकाकणारी कड मला तिच्या शेजारच्या खुर्चीवरून स्पष्ट दिसत होती. पलीकडच्यांना मात्र लालसर गोळ्यावर एक करडा धब्बा तेवढा दिसत होता, आणि फळ जरा फिरवले की तोही नाहीसा होई. इंटरनेट मंद असावे असे आम्ही धरून चाललो होतो, पण वेग तपासला तेव्हा तो पुरेसा निघाला. डागाचे बारकावे लॅपटॉपमधून बाहेरच पडले नव्हते.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. १२८० गुणिले ७२० पिक्सेलच्या एका चित्रात सुमारे ९ लाख २१ हजार पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर दर सेकंदाला ६६ कोटींहून अधिक बिट पाठवावे लागतील. प्रत्यक्षात व्हिडिओ बैठकीत याच आकाराचे चित्र सेकंदाला १० ते १५ लाख बिटांत पोहोचते. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या माहितीचा साधारण पाचशेवा हिस्साच प्रवासाला निघतो आणि उरलेली माहिती निघण्यापूर्वीच गाळली जाते.

ही गाळणी समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जायला नको. चादरीवरची नक्षी विणणाऱ्या जेकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. प्रत्येक पुठ्ठा एवढेच सांगतो की धोट्याच्या पुढच्या फेरीसाठी ताण्याचे कोणते धागे उचलायचे. पूर्ण चादरीचे वर्णन त्या माळेत नसते. नक्षीचा एक ठरावीक तुकडा असतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरतो. व्हिडिओचे संकोचनही पुनरुक्ती टाळण्याच्या याच तत्त्वावर चालते. एक पूर्ण चित्र पाठवले जाते आणि त्यानंतरच्या चित्रांसाठी ‘हा चौकोनी तुकडा दोन पिक्सेल डावीकडे सरकला’, ‘मागची भिंत तशीच आहे’ एवढ्याच सूचना जातात. वाटेत एखादी सूचना गहाळ झाली, तर चेहरा ओघळल्यासारखा दिसतो आणि पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत तो दोष पुढे पुढे वाहत राहतो. तुटलेला धागा सांधला जाईपर्यंत कापडात दोष उतरत राहावा, तसा.

मात्र जेकार्ड नक्षीतले काही टाकून देत नाही, व्हिडिओ टाकतो. मानवी डोळा उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन टिपतो, पण रंगातला बारीक फरक त्याला तितका जाणवत नाही. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा जपला जातो आणि रंग मात्र चार पिक्सेलमध्ये मिळून एकदाच नोंदवला जातो. त्यानंतर प्रत्येक तुकड्यातील अतिसूक्ष्म पोत गोळाबेरीज करून सपाट केला जातो, आणि चित्र हलत असेल तर ही काटछाट आणखी वाढते. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा पाहताना यातले काही खटकत नाही, किंबहुना ही सारी रचना चेहरा डोळ्यांसमोर ठेवूनच झाली आहे. तेल्याचा डाग ओळखताना नेमके जे पाहायचे असते, म्हणजे रंगाची पुसट कड आणि सालीचा पोत, तेच आधी बळी पडते. त्यातच आमची विद्यार्थिनी फळ हातात फिरवत होती.

आणखी एक कारण पलीकडच्या पडद्यांवर होते. बैठकीत बारा जण असतील आणि प्रत्येकाने आपले चित्र इतर अकरांना थेट पाठवायचे ठरवले, तर एकूण १३२ प्रवाह वाहू लागतील आणि घरगुती जोडणी मान टाकील. म्हणून प्रत्येक जण आपले चित्र मध्यस्थ सर्व्हरला देतो आणि तो ते इतरांकडे वळवतो. बहुतेक प्रणालींत लॅपटॉप एकच दृश्य दोन-तीन आकारांत पाठवतो. ज्याच्या पडद्यावर तुमची चौकट लहान आहे किंवा ज्याची जोडणी अशक्त आहे, त्याला सर्व्हर लहान आकाराचे चित्र देतो. चार चौकटींच्या मांडणीत ते फळ बसवून आम्ही स्वतःच त्याला लहान करून ठेवले होते.

मध्यस्थाची ही कल्पना प्रथम कार्यालयांसाठी निघाली असे अनेकांना वाटते, पण तिच्या वाढीत संशोधकांची गरज मोठी होती. मार्च १९९२ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळाची बैठक भरली, तेव्हा तिचा आवाज इंटरनेटवरून तीन खंडांतील वीस ठिकाणी पोहोचवण्यात आला. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात ‘सीयू-सीमी’ हे व्हिडिओ बैठकीचे सॉफ्टवेअर तयार झाले. त्याचे चित्र टपाल तिकिटाएवढे आणि राखाडीच्या सोळा छटांचे असे. कणभौतिकीचे संशोधक मात्र एवढ्यावर थांबू शकत नव्हते, कारण एका प्रयोगाची माणसे डझनावारी देशांत विखुरलेली होती. अमेरिकेतील कॅलटेक ही विज्ञानसंस्था आणि सर्न ही युरोपातील कणभौतिकीची प्रयोगशाळा यांनी मिळून १९९७ मध्ये व्हीआरव्हीएस ही आभासी बैठक-खोल्यांची प्रणाली वापरात आणली. जगभर ठिकठिकाणी बसवलेली परावर्तक सॉफ्टवेअरे हा तिचा कणा होता. प्रत्येकाने जवळच्या परावर्तकाशी जोडायचे आणि परावर्तकांनी आपसांत देवाणघेवाण करायची, अशी ती व्यवस्था होती. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने हिग्ज बोसॉनसारख्या नव्या कणाची घोषणा केली, तेव्हा जिनिव्हाजवळचे ते सभागृह मेलबर्न येथे भरलेल्या परिषदेशी व्हिडिओने जोडलेले होते.

चित्राविषयी इतके लिहिले, पण संशोधनाची बैठक खरी तगते ती आवाजावर. चित्र गोठले तरी चर्चा चालू राहते. आवाज तुटला की पाच मिनिटांत सगळे चॅटमध्ये टंकू लागतात. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येकावर अनुक्रमांक व वेळ घातली जाते आणि ते साध्या टपालासारखे सोडून दिले जातात. ईमेल किंवा फाइल नोंदणीकृत टपालासारखी जाते. पोचपावती आली नाही तर पुन्हा पाठवली जाते. बोलण्यात उशिरा आलेल्या शब्दाला किंमत नसते, म्हणून हरवलेला तुकडा सहसा परत मागवला जात नाही आणि आजूबाजूच्या आवाजावरून ती फट बेमालूम बुजवली जाते. तुकडे मागेपुढे पोहोचतात म्हणून ऐकणाऱ्याचे यंत्र त्यांना क्षणभर थोपवून रांगेत लावते.

येथे सोलापूरची एक खास अडचण सांगितली पाहिजे. पंख्याची किंवा कूलरची घरघर एकसारखी असते, त्यामुळे सॉफ्टवेअर तिचा अंदाज बांधून ती वजा करू शकते. शहराच्या पूर्व भागातील घरातून बैठकीला बसणाऱ्याच्या मागे यंत्रमागाची खटखट असते. तिचा प्रत्येक ठोका क्षणिक असतो आणि ‘ट’, ‘क’ यांसारख्या व्यंजनांप्रमाणे अनेक वारंवारतांवर पसरलेला असतो. ठोके गाळू गेलेले सॉफ्टवेअर मग बोलणाऱ्याची व्यंजनेही गिळते. तोंडाजवळ माइक असलेला साधा हेडफोन येथे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

उरतो तो विलंब, आणि त्यावर पैसा खर्चून पूर्ण इलाज नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र असा युरोपचा केबलमार्ग दहा हजार किलोमीटर धरला, तर एका दिशेला ५० मिलिसेकंद लागतात. सोलापूर ते मुंबई हा टप्पा त्यात दोनेक मिलिसेकंदांची भर घालतो. कॅमेरा, संकोचन आणि रांगेत थोपवणे यांचा वेळ वेगळाच. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. समोरासमोरच्या गप्पांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यामधली फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपासच असते. विलंब त्याहून वाढला की दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात आणि ‘नाही, नाही, तुम्ही बोला’ यातच वेळ जातो. भूस्थिर उपग्रहावरून बोलताना ३६ हजार किलोमीटर वर आणि तितकेच खाली जावे लागते, त्यामुळे नुसत्या प्रवासालाच पाव सेकंद लागतो. जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील केबल तुटल्या, तेव्हा भारताचा बराच डेटा पूर्वेकडून पृथ्वीला वळसा घालून जाऊ लागला होता.

घड्याळाचा घोळ त्या मानाने किरकोळ, पण बैठका बुडवणारा आहे. मध्य युरोप आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो, आणि अमेरिकेची घड्याळे युरोपच्या आधीच वसंतात पुढे सरकतात. मार्च महिन्यात तिन्ही खंडांची बैठक ठरवणाऱ्याने वेळ नेहमी ग्रिनिच मानानुसार कळवावी.

त्या दिवशी विद्यार्थिनीने शेवटी फळ टेबलावर ठेवले, शेजारी मोजपट्टी ठेवली, खिडकीचा पडदा सारला आणि मोबाइलने छायाचित्र काढून मूळ फाइल न घटवता पाठवून दिली. बोलणे दरम्यान चालूच होते. दीड मिनिटाने फाइल उघडली गेली, पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रश्न आला, की पानावरचे डाग शिरांपाशी थांबतात की शिरा ओलांडून जातात. तिने पिशवीतून एक पान काढले. सवयीने ते कॅमेऱ्याकडे नेले, आणि हात मध्येच वळवून मोजपट्टीशेजारी ठेवले.