जावासाठी क्लासपाथ ‘सेट’ करावाच लागतो?

जावा इन्स्टॉल केलं की आधी क्लासपाथ, म्हणजे जावाने क्लास (प्रोग्रामच्या कोडचे तुकडे) कुठे शोधायचे त्या जागांची यादी, हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये साठवलेली सेटिंग) सेट करा, असा सल्ला नवशिक्यांना वर्षानुवर्षं मिळतो. त्याची गरज नाही. व्हेरिएबल नसेल तर जावा चालू फोल्डरमध्येच क्लास शोधते. उलट ते सेट करताना चालू फोल्डर दाखवणारं टिंब (.) विसरलात, तर चालू फोल्डरच यादीतून गळतो आणि कालपर्यंत चालणारा प्रोग्राम ‘क्लास सापडला नाही’ म्हणून थांबतो. या एका टिंबापायी शिकणाऱ्यांचे तास वाया जातात, याचं खरंच वाईट वाटतं.

लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) हवी असेल तर प्रोग्राम चालवण्याच्या कमांडलाच ‘-सीपी’ (-cp) पर्याय द्या. व्हेरिएबलपेक्षा तोच ग्राह्य धरला जातो. ‘-जार’ने (-jar), म्हणजे क्लास एकत्र बांधलेल्या जार फाइलमधून चालवताना मात्र दोन्हींकडे दुर्लक्ष होतं, तिथे जारच्या मॅनिफेस्टमधली (जारच्या आतल्या माहितीच्या फाइलमधली) नोंदच चालते. मेव्हन आणि ग्रेडल ही प्रोजेक्ट बांधणारी साधनं आपला क्लासपाथ स्वतःच बांधतात.