गॅरेजचं दार उचलतं कोण: स्प्रिंग की ओपनर?

बटण दाबलं, मोटर गुरगुरली, दार वर गेलं. रोज हे बघणाऱ्याला वाटणारच की दार मोटरने उचललं. म्हणून दार मध्येच अडकू लागलं किंवा उघडेनासं झालं की बहुतेक घरांत एकच निदान होतं: ओपनर, म्हणजे दार चालवणारं मोटरचं यंत्र, कमजोर पडला, जास्त अश्वशक्तीचा आणू. माझ्या एका मित्राने हेच केलं. अर्ध्या अश्वशक्तीचा काढून पाऊण अश्वशक्तीचा बसवला आणि वर्षाच्या आत त्याचाही गिअर झिजला. दुखणं होतं स्प्रिंगचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ओपनर बसवायला आलेल्या माणसाने दार एकदा हाताने उचलून बघितलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं, याची मला अजून हळहळ वाटते.

दोन गाड्या मावतील एवढं पोलादी पत्र्याचं दार सहज ६० ते १०० किलो भरतं. लाकडी असेल तर त्याहून जड. हा भार पेलते स्प्रिंग. ती दोन प्रकारची असते. पहिली टॉर्शन स्प्रिंग. दाराच्या वरच्या बाजूला भिंतीलगत एक आडवा दांडा असतो, त्यावर ही जाड स्प्रिंग चढवलेली असते. दांड्याच्या दोन्ही टोकांना ड्रम, ड्रमवर तारेचे दोर आणि त्या दोरांची दुसरी टोकं दाराच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत अडकवलेली. दार खाली येताना दोर उलगडतात, दांडा फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. सात फूट उंचीच्या दारासाठी हा पीळ साधारण साडेसात वेढ्यांचा असतो. दार उघडताना तोच पीळ सुटत जातो आणि दोर दाराला वर खेचतात. दुसरी एक्स्टेन्शन स्प्रिंग. ती छताखालच्या आडव्या रुळांच्या बाजूने लांबट बसवलेली असते आणि दार बंद झालं की ताणली जाते. हिच्या आतून एक सुरक्षेची तार ओवलेली असायलाच हवी, कारण ताणलेली स्प्रिंग तुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन असलं की बोटाच्या धक्क्यानेही दांडी हलते. ठीकठाक दाराचं तसंच आहे. एका पारड्यात दार, दुसऱ्यात स्प्रिंगचा ताण. ओपनर म्हणजे तो बोटाचा धक्का.

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतल्या सी. जी. जॉन्सन यांनी वर उचलून उघडायचं गॅरेजचं दार १९२१ मध्ये काढलं आणि विजेवर चालणारा ओपनर १९२६ मध्ये. म्हणजे आधी दार हाताने उचलण्याजोगं झालं, हाताच्या जागी मोटर नंतर आली. आजचा ओपनरही तोच हात आहे. छताला टांगलेली मोटर साखळीने किंवा पट्ट्याने एक सरकता खटका रुळावरून मागे-पुढे ओढते आणि तो खटका वाकड्या दांडीने दाराला जोडलेला असतो. दार हलवणं, ठरलेल्या जागी थांबवणं, बंद असताना धरून ठेवणं आणि मध्ये काही आलं तर उलट फिरणं, एवढंच त्याचं काम. शंभर किलो रोज अंगावर घेणं हे त्याचं काम नाही. ओपनरच्या माहितीपुस्तकातही आधी दाराचा तोल तपासून घ्या, असंच सांगितलेलं असतं.

मग बिघाड कुणाचा, हे कसं ओळखायचं? दार पूर्ण बंद करा. खटक्याला लोंबणारी लाल दोरी ओढा, म्हणजे ओपनर दारापासून सुटतो. आता दार हाताने अर्ध्यावर उचला आणि सावकाश हात ढिला करा. दार जागेवर राहिलं तर स्प्रिंग बरोबर आहे, शंका ओपनरवर घ्या. खाली घसरलं तर स्प्रिंग दमली आहे. आपोआप वर जाऊ लागलं तर तिला पीळ जास्त बसला आहे. दोन मिनिटांची ही तपासणी मोटरच्या अश्वशक्तीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते. मात्र एक गोष्ट विसरू नका: दार उघडं असताना आणि स्प्रिंग तुटल्याची शंका असताना ती लाल दोरी ओढू नका. दार धाडकन खाली येईल.

तुटलेली टॉर्शन स्प्रिंग डोळ्यांनाही दिसते. तुटताना फटाक्यासारखा आवाज होतो आणि वेटोळ्यांमध्ये बोट-दोन बोटं फट पडते. त्यानंतर ओपनर दार वीतभर उचलतो आणि कण्हत थांबतो. बिघाड ओपनरचा असेल तर चित्र वेगळं असतं: दार हाताला हलकं, पण मोटर नुसती घुमते, किंवा मोटर फिरते आणि साखळी हलत नाही. साखळीच्या ओपनरखाली पांढरा भुसा पडलेला दिसला तर आतला नायलॉनचा गिअर झिजतोय. मित्राच्या गॅरेजमध्ये तो भुसा मी पाहिला होता. पण गिअर झिजला म्हणून लगेच ओपनरला दोष देऊ नका, आधी दाराचा तोल बघा. जड दार ओढून ओढूनच गिअर खलास होतात.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. दार जड झालं की काही जण ओपनरवरचं जोर कमी-जास्त करायचं सेटिंग वाढवतात. दार चालू लागतं, सगळे खूश. पण दार कशाला तरी अडलं आहे हे ओपनर ओळखतो ते याच जोराच्या मर्यादेवरून. मर्यादा वाढवली की दाराखाली मूल आलं काय किंवा सायकल आली काय, ओपनर आधी दाबतो आणि मग, झालंच तर, मागे फिरतो. सैल स्प्रिंगवर जास्त ताकदीची मोटर बसवणं हीसुद्धा त्याच वाटेवरची चूक आहे. अमेरिकेत १९९३ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरना दार मागे फिरवण्याच्या सोयीखेरीज सुरक्षेची आणखी एक सोय सक्तीची झाली. ती बहुधा दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावलेल्या प्रकाशकिरणाच्या डोळ्यांची असते. हे डोळे जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर नसावेत, नाहीतर रांगणारं मूल किरणाखालून निघून जातं.

स्प्रिंगचं आयुष्य वर्षांत नाही, फेऱ्यांत मोजतात. दार एकदा उघडून बंद झालं की एक फेरी. साध्या स्प्रिंगा साधारण १०,००० फेऱ्यांच्या असतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर जेमतेम सात वर्षं. दोन स्प्रिंगा असतील आणि एक तुटली तर दोन्ही बदलून घ्या, दुसरीचंही वय तेवढंच असतं. आणि हे काम घरी करू नका. पीळ भरलेल्या स्प्रिंगेत दाराच्या वजनाएवढा ताण कोंडलेला असतो. पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून ती फिरवायला जाणं म्हणजे हात गमावण्याची तयारी. दोर जिथे दाराच्या तळाशी अडकवलेले असतात, तिथल्या बोल्टांनाही हात लावू नका. त्यांवर तोच ताण असतो.

दाराला मागून इन्सुलेशनचे पत्रे लावले किंवा काचेच्या खिडक्या बसवल्या की वजन वाढतं आणि जुनी स्प्रिंग अपुरी पडते. अशा वेळी ओपनर बदलण्याआधी स्प्रिंग नव्या वजनाला बसती करून घ्यावी लागते. स्प्रिंग दाराच्या वजनावरूनच ठरते, अंदाजाने नाही.

दाराचा तोल साधला असेल तर ओपनर निवडणं सोपं आहे. बहुतेक घरगुती दारांना अर्धी अश्वशक्ती पुरते. लाकडी किंवा फार रुंद दार असेल तर पाऊण घ्या. गॅरेजच्या वर झोपायची खोली असेल तर पट्ट्याचा ओपनर घ्या, साखळीचा खडखडाट रात्री डोक्यात जातो. स्वतंत्र गॅरेज असेल तर साखळीचा टिकाऊ आणि पुरेसा. वीज जात असेल तर बॅटरी असलेला बघा. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर लोकांना दारं उघडता आली नाहीत, म्हणून १ जुलै २०१९ पासून तिथे बॅटरीची सक्ती झाली.

दाराच्या बाजूच्या भिंतीवर बसणारा, थेट टॉर्शनचा दांडा फिरवणारा ओपनरही मिळतो. छत मोकळं राहतं, आवाज कमी होतो. पण तो एक्स्टेन्शन स्प्रिंगच्या दारावर चालत नाही, कारण तिथे फिरवायला दांडाच नसतो. म्हणून हा ओपनर घ्यायचा असेल तर दुकानात जाण्याआधी मान वर करून आपल्या दारावर कुठली स्प्रिंग आहे ते बघून घ्या.

नवा ओपनर लागला की पहिल्या दिवशी दाराखाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला टेकताच दार मागे फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर ते दुरुस्त होईपर्यंत ओपनर वापरू नका. हीच चाचणी पुढे दर महिन्याला करा.