आवतण बैलाला, पंगत सूक्ष्मजीवांची

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदे मळताना आमच्याकडे बैलांना सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." लोहा तालुक्यातल्या आमच्या गावात एका वर्षी हे आवतण जरा जास्तच मनावर घेतलं गेलं. आमचा तांबड्या, लाल कंधारी बैल, मिरवणुकीनंतर दारोदार फिरला आणि प्रत्येक दारात त्याला पुरणपोळी मिळाली. भावकीतल्या कुणीतरी उरलेल्या भाताचं घमेलंही पुढं केलं. सकाळी पाहतो तर कडब्याची पेंढी तशीच पडलेली, रवंथ बंद, डावी भकाळी, म्हणजे फासळ्यांमागचा कुशीचा खळगा, फुगलेली, डोळे खोल गेलेले आणि शेण पाण्यासारखं पातळ, त्याला आंबूस वास.

डॉक्टरांनी भकाळीवर मूठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "गोड लय झालं याला." पुरणपोळीनं बैल मरायला टेकतो आणि वाळक्या कडब्यावर वर्ष काढतो, हे त्या वयात मला काही केल्या पटेना.

खरं तर भाकरी आणि कडबा एकाच ताटाचे. ज्वारीचं कणीस आपण घेतो आणि खालचं धांड जनावराला. दाण्यातला स्टार्च आणि धांडातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच लांबलचक माळा. फरक फक्त मणी ओवण्याच्या पद्धतीत. तेवढ्या फरकामुळं आपल्याला कडबा पचत नाही. गंमत अशी की बैलालाही पचत नाही. सेल्युलोजची माळ तोडणारं विकर म्हणजे एन्झाइम ना त्याच्या लाळेत असतं, ना जठरात. तो कडबा चावतो, गिळतो, पुन्हा तोंडात आणून चघळतो. पचवणारे दुसरेच असतात.

ते राहतात कोटीपोटात. गाईला चार पोटं असतात असं आपण म्हणतो, पण खरं तर हे एकाच पोटाचे चार कप्पे आहेत: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं खरं पोट, जे आपल्या जठरासारखं आम्लाचं असतं. पहिला कप्पा सगळ्यात मोठा. मोठ्या गाईत तो शंभर लिटरच्याही पुढं जातो, मेंढीत दहा-पंधरा लिटरचा. आत तापमान सुमारे ३९ अंश, प्राणवायू जवळजवळ नाहीच, अंधार, ओल आणि वरून सतत येणारी वैरण. त्यातल्या एका मिलिलिटर रसात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. पृथ्वीवरची सगळी माणसं मोजली तर आठशे कोटी भरतात. शिवाय त्यांच्याहून कितीतरी मोठे एकपेशीय आदिजीव, बुरशा, आणि मिथेन वायू तयार करणारी आर्किया ही वेगळीच जमात.

आदिजीव अंगानं मोठे, म्हणून आधी सापडले: १८४३ मध्ये ग्रुबी आणि डेलाफाँ या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पोहताना पाहिलं. जिवाणूंना मात्र शंभर वर्षं वाट पाहावी लागली, कारण हवा लागली की ते मरतात आणि नेहमीच्या काचपात्रात वाढतच नाहीत. अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी १९४० च्या दशकात प्राणवायू काढून टाकलेल्या बंद नळ्यांत त्यांना वाढवण्याची युक्ती बसवली आणि हे दार उघडलं.

मला सगळ्यात आवडते ती बुरशीची गोष्ट, आणि ती मेंढीच्या पोटातली आहे. बुरशीला जगायला हवा लागतेच, असं पुस्तकं ठामपणे सांगत होती. कोटीपोटातले शेपटीचे काही पोहणारे जीव त्यामुळं आदिजीवांच्या खात्यात टाकलेले होते. इंग्लंडमधल्या कॉलिन ऑर्पिन यांना एक गोष्ट खटकली. मेंढीनं वैरण खाल्ली की हे जीव पाहता पाहता अनेक पटींनी वाढायचे, इतके झपाट्यानं की एकाचे दोन, दोनाचे चार या हिशेबात ते बसत नव्हतं. मग हे येतात कुठून? उत्तर गवताच्या काड्यांवर होतं. काडीला चिकटून बसलेली बुरशी चारा आल्याची चाहूल लागताच बीजाणू सोडत होती, आणि पोहणारे जीव म्हणजे तेच बीजाणू. १९७५ मध्ये ऑर्पिन यांनी हे मांडलं. ही बुरशी आपले मुळांसारखे धागे टणक देठात घुसवते, धांड आतून फोडते, आणि जिवाणूंना शिरायला वाट होते. आपल्या मालदांडी ज्वारीच्या जाड धांडाला अशाच सुरुंगवाल्यांची गरज.

एवढ्या कष्टाचं बैलाला काय मिळतं? सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडून त्यातलं ग्लुकोज स्वतः खातात आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं मागं टाकतात. त्यांच्या दृष्टीनं हा उकिरडा. पण जनावर हा उकिरडा कोटीपोटाच्या भिंतीतून शोषून घेतं आणि आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातूनच मिळवतं. दुधातली स्निग्धता बऱ्याच अंशी त्यातल्या ॲसिटिक आम्लापासून बनते. वैरण कमी करून नुसत्या खुराकावर भर दिला की डेअरीवर फॅट का लागत नाही, ते इथं कळतं.

दुसरा भाग जरा निर्दय आहे. कोटीपोटातला रस पुढं सरकतो तेव्हा जेवणारी पंगतही त्याच्याबरोबर वाहत जाते आणि खऱ्या पोटात पोचते. तिथं लायसोझाइम नावाचं विकर जिवाणूंची भिंत फोडतं आणि बैल त्यांना पचवतो. त्याला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा हाच. म्हणजे आधी पाहुण्यांना जेवू घालायचं आणि मग पाहुण्यांनाच जेवायचं. या जिवाणूंना प्रथिनं बनवायला डाळ-पेंडच लागते असंही नाही, साधा नायट्रोजन पुरतो. फिनलंडच्या आर्टुरी व्हिर्टानेन यांनी गाईंना प्रथिनं नसलेला आहार दिला, नायट्रोजनसाठी फक्त युरिया आणि अमोनियाचे क्षार ठेवले. तरी गाई दूध देत राहिल्या. १९६६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. १०० किलो कुट्टीवर, म्हणजे बारीक कापलेल्या कडब्यावर, ४ किलो युरिया ४०-६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि हवाबंद करून २१ दिवस ठेवायची, या युरिया प्रक्रियेमागंही हेच शास्त्र आहे. शिवाय त्यात धांडही मऊ पडतं. युरिया थेट गव्हाणीत टाकला, तर मात्र त्याचा अमोनिया होऊन जनावर तासाभरात दगावू शकतं.

आता तांबड्याकडं. कडबा खाणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात धांड फोडणाऱ्यांचं राज्य असतं. ते हळू काम करतात. गूळ, पुरण, भात आला की कोपऱ्यात गप्प बसलेली दुसरी मंडळी उठतात. त्यातला स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो आणि लॅक्टिक आम्ल ओकू लागतो. एरवी आम्ल वाढलं की लाळ ते शमवते; गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गाळते आणि तिच्यात खाण्याचा सोडाच असतो. पण लाळ सुटते चावण्यातून, रवंथातून. पुरणपोळी चावायला लागतेच किती? म्हणजे आम्ल वाढलं त्याच वेळी सोडा आटला. सामू, म्हणजे pH (आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो), साडेपाचाच्या खाली गेला की धांड फोडणारे मरायला लागतात, पोटाची हालचाल थांबते, आणि आम्लानं दाट झालेला रस रक्तातलं पाणी ओढून घेतो. म्हणून डोळे खोल, म्हणून शेण पातळ. सुगीत सुटलेलं जनावर ज्वारीच्या राशीवर ताव मारतं, तेव्हाही हेच होतं.

ही वस्ती बदलत नाही असं नाही. सवड दिली तर बदलते, दोन-तीन आठवड्यांची. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात बीड-उस्मानाबादकडच्या छावण्यांत जनावरं ऊस आणि वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, जगली. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. पण ऑक्झलेटच खाऊन जगणारा एक जिवाणू मेंढीच्या कोटीपोटातूनच वेगळा केला गेला. १९८५ मध्ये त्याचं ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनेस असं बारसं झालं. वाढे थोडे थोडे वाढवत नेले तर असे जिवाणू संख्येनं वाढतात आणि विष कोटीपोटापुढं फार जात नाही. एका रात्रीत कडबा बंद करून नुसते वाढे टाकले, तर त्यांना वेळच मिळत नाही.

कधी कधी हवा तो जिवाणू त्या मुलखातच नसतो. आपल्या बांधांवर चाऱ्यासाठी लावलेली सुबाभूळ ऑस्ट्रेलियात गुरांना दिली, तर त्यांचे केस गळायचे, गलगंड व्हायचा. हवाईतल्या शेळ्या तोच पाला खाऊन खुशाल होत्या. रेमंड जोन्स यांनी अंदाज बांधला की फरक शेळीत नाही, तिच्या पोटातल्या वस्तीत आहे. हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि त्रास थांबला. कळपात एकाकडून दुसऱ्याकडं ते आपोआप पसरलेही. जोन्स यांच्यावरून त्या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्साय म्हणतात.

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या कोटीपोटात अशी पंगत बसलेली नसते आणि दूध तर एका खाचेतून थेट खऱ्या पोटात जातं. जिवाणू त्याला आईच्या चाटण्यातून, गोठ्यातून, चाऱ्यातून मिळतात. आदिजीव मात्र बाहेर तग धरत नाहीत. लाळेतून, तोंडाला तोंड लागलं तरच पोचतात. वासरू जन्मल्याबरोबर वेगळं काढून एकटं वाढवलं, तर ते त्यांच्याविनाच मोठं होतं.

तांबड्याला डॉक्टरांनी सोडा पाजला, सलाइन लावलं. मग आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शेजारच्या गोठ्यात गेले. तिथला बैल निवांत रवंथ करत होता. अण्णांनी त्याचा जबडा धरला, हात घालून रवंथाचा हिरवा गोळा काढला, कोमट पाण्यात कालवला आणि बाटलीनं तांबड्याच्या नरड्यात ओतला. मला शिसारी आली. डॉक्टर मात्र म्हणाले, "आणखी दोन वेळा द्या, अण्णा." तिसऱ्या दिवशी तांबड्या रवंथ करू लागला.

त्या शेजाऱ्याशी आमचं बांधावरून भांडण होतं, दोन वर्षं बोलणं बंद. गोळा काढू दिला, पण बोलला नाही. त्याच्या बैलाच्या पोटातली वस्ती त्या आठवड्यात आमच्या गोठ्यात आली. तांबड्या आणि त्याचा जोडीदार एकाच गव्हाणीत तोंड घालायचे, तेव्हा ती पुढंही गेली असणार. बांध अजून कोर्टात आहे.