प्रोस्टेट वाढणं वेगळं, प्रोस्टेटचा कॅन्सर वेगळा

साठीच्या पुरुषाला लघवीसाठी रात्री तीन-चारदा उठावं लागलं की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. ‘वय झालं, चालायचंच’, नाहीतर ‘कॅन्सर तर नसेल?’ ज्याला काहीच त्रास नाही तो म्हणतो, ‘मला धार नीट लागते, कशाला तपासायचं?’ या सगळ्यामागे एकच घट्ट समज आहे: प्रोस्टेट आधी वाढते, मग तिचा कॅन्सर होतो, आणि लघवीची तक्रार ही त्याची पहिली पायरी. ही समज चूक आहे, आणि तिच्यापायी काही जण विनाकारण घाबरतात, तर काही जण उशिरा तपासतात.

प्रोस्टेटची साधी वाढ बहुतेकांनी घरात पाहिलेली असते. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही मोकळं वाटत नाही. टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू होते, नाही भागलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. वाढलेल्या भागाचा पुढे कॅन्सर होत नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, कारण दोन्ही उतारवयातले आजार आहेत.

खरा फरक जागेचा आहे, आणि तो समजला की बाकीचं आपोआप सुटतं. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती ही ग्रंथी असते. तरुणपणी वजन साधारण 20 ग्रॅम. साधी वाढ होते ती नळीला लागून असलेल्या आतल्या भागात, म्हणून नळी दाबली जाते आणि तक्रारी लवकर सुरू होतात. कॅन्सर बहुतेक वेळा, साधारण 70 टक्के, बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. तिथली छोटी गाठ नळीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे लघवीला काही होत नाही. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा गप्प असतो. काही जणांना तो पहिल्यांदा जाणवतो तो कंबरेच्या नाहीतर खुब्याच्या हाडांतल्या दुखण्याने, म्हणजे पसरल्यावर. लघवी नीट होते यावरून कॅन्सर नाही असं ठरत नाही, आणि होत नाही यावरून आहे असंही ठरत नाही.

ऑपरेशनबद्दलचा गोंधळही इथलाच. दुर्बिणीतून करतात ते ऑपरेशन म्हणजे संत्र्यातला गर काढून साल ठेवण्यासारखं आहे. ज्या भागात कॅन्सर जास्त होतो, तो भाग शरीरातच राहतो. ‘माझी प्रोस्टेट काढली, आता काळजी नाही’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या माणसाला हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

आता पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीत मोजलं जाणारं प्रथिन. ते निरोगी प्रोस्टेटही बनवते. ग्रंथी मोठी असली, जंतुसंसर्ग झाला, कॅथेटर घातला, आदल्या दिवशी वीर्यस्खलन झालं, तरी आकडा चढू शकतो. 4 च्या वर गेला म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि 4 च्या खाली असूनही कॅन्सर सापडतो. लघवीला जळजळ असताना ही तपासणी करूच नये. आकडा जास्त आला तर काही आठवड्यांनी पुन्हा बघतात, मग गरजेप्रमाणे एमआरआय, आणि शेवटी बायॉप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं. कॅन्सर ठरतो तो बायॉप्सीवर. ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये कुणाशी न बोलता पीएसए करून लाल आकडा घरच्या ग्रुपवर टाकणं मला अजिबात पटत नाही.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवावी. साध्या वाढीसाठी देतात ती फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए जवळपास निम्मा होतो. रिपोर्टवरचा 3 प्रत्यक्षात 6 च्या आसपासचा असू शकतो. या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

तपासणी कुणी करावी? अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2018 मध्ये सांगितलं की 55 ते 69 वयात डॉक्टरांशी बोलून ज्याने-त्याने ठरवावं, आणि सत्तरीनंतर सरसकट करू नये. कारण प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर फार हळू वाढतात, आणि उपचारांनी लघवीवरचा ताबा किंवा लिंगाची ताठरता जाऊ शकते. हा सल्ला मला योग्य वाटतो. हे तक्रार नसलेल्यांपुरतं. लघवीतून रक्त गेलं तर वय न बघता दाखवावं, आणि लघवी पूर्ण तुंबली तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

वडिलांना किंवा सख्ख्या भावाला कॅन्सर असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, आणि डॉक्टरांशी हे बोलणं पंचेचाळिशीच्या सुमारासच व्हायला हवं. साध्या वाढीच्या ऑपरेशनने मुलाचा कॅन्सरचा धोका असा वाढत नाही. पण कितीतरी घरांत एवढंच माहीत असतं की ‘बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं’. नेमकं काय होतं ते त्यांना विचारा, आणि जुन्या फायलीतला काढलेल्या तुकड्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट शोधून आपल्या डॉक्टरांना दाखवा.