एका पोस्टकार्डाच्या तीन तारखा

उत्तर फ्रान्समधल्या अरास शहराचं जुनं पोस्टकार्ड हाती आलं की नजर आधी जाते ती नगरपालिकेच्या ७५ मीटर उंच घंटामनोऱ्याकडे. १५५४ साली पूर्ण झालेला हा मनोरा २१ ऑक्टोबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात कोसळला. तो चित्रात उभा दिसला, की कार्ड १९१४ च्या आधीचं, असं नवखा संग्राहक ठरवून मोकळा होतो. पण १९३२ पर्यंत मनोरा जुन्याच रूपात पुन्हा बांधला गेला. शिवाय युद्ध चालू असतानाही प्रकाशक आधीचे फोटो छापून विकतच होते.

म्हणूनच प्रत्येक कार्डाला तीन तारखा असतात: फोटो काढल्याची, छपाईची आणि टपालात टाकल्याची. पोस्टाचा शिक्का फक्त तिसरी सांगतो. त्यात आणि पहिलीत सहज दहा-पंधरा वर्षांचं अंतर असू शकतं.

छपाईचा काळ कळायला कार्ड उलटं करावं. १९०३ च्या अखेरीपर्यंत फ्रान्समध्ये मागची पूर्ण बाजू पत्त्यासाठी राखीव होती. मजकूर लिहायचा तो चित्राच्या कडेला, नाहीतर थेट आभाळावर. त्यानंतर मधोमध रेघ आली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. मागची बाजू अखंड असेल तर छपाई जुनी, हे बहुतेक वेळा खरं ठरतं.

मग दहापट भिंग घ्यावं. माझ्या मते संग्राहकाचं हे सर्वांत मोलाचं हत्यार. त्या काळची बरीच कार्डं फोटोटाइप पद्धतीने छापलेली आहेत. फ्रेंच रसायनतज्ज्ञ आल्फोन्स प्वातव्हाँ यांनी १८५५ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. काचेवर डायक्रोमेट (जिलेटिनला प्रकाशसंवेदी करणारा क्षार) मिसळलेल्या जिलेटिनचा थर देतात आणि त्यावर निगेटिव्हमधून प्रकाश पाडतात. जिथे प्रकाश जास्त, तिथे जिलेटिन कडक होतं आणि तेलकट शाई धरतं. बाकीचा भाग पाणी पिऊन फुगतो आणि शाईला दूर ठेवतो. थर वाळताना त्यावर बारीक सुरकुत्या पडतात. भिंगाखाली दिसते ती या सुरकुत्यांचीच वेडीवाकडी, गुंतलेली नक्षी. रांगेत बसलेले ठिपके दिसले तर छपाई वेगळ्या पद्धतीची आहे. नक्षी नाही, ठिपकेही नाहीत, फक्त सलग करडा रंग असेल, तर तो कागदावरचा खरा फोटो.

फ्रेंच टपाल तिकिटावरची बी पेरत चाललेली स्त्री १९०३ पासून दिसते. तिच्यामागची पार्श्वभूमी आधी रेघांची होती, १९०६ पासून सपाट रंगाची आवृत्तीही आली. कार्डाचं टपाल १९१६ अखेरपर्यंत १० सांतीम (फ्रँकचा शंभरावा भाग) होतं, १९१७ पासून १५ आणि एप्रिल १९२० पासून २०. पाचच शब्दांत शुभेच्छा लिहिल्या तर ५ सांतीममध्ये भागायचं. तिकीटच नसेल तर लगेच ते गळून पडलं असं समजू नये. युद्धकाळात सैनिकांना टपाल मोफत होतं.

नव्या नकलांसाठी अतिनील दिवा पुरतो. अंदाजे १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं मिसळू लागले आणि असा कागद दिव्याखाली निळसर चमकतो. १९०५ चं म्हणून विकायला ठेवलेलं कार्ड असं चमकलं तर ते घेऊ नये.

बाजारात कोऱ्या, स्वच्छ कार्डांना अनेकदा जास्त भाव मिळतो. मी मात्र शिक्का बसलेलं, शाई पसरलेलं कार्डच आधी उचलेन, कारण कोऱ्या कार्डाला तिसरी तारीख नसते.