इंटर्नल डेव्हलपर प्लॅटफॉर्म आला कुठून?

इंटर्नल डेव्हलपर प्लॅटफॉर्म म्हणजे कंपनीतल्या डेव्हलपरना सर्व्हर, डेटाबेस आणि कोड चढवायची सोय तयार देणारी आतली व्यवस्था. सध्या ती बांधणाऱ्या प्लॅटफॉर्म टीम जिकडेतिकडे उभ्या राहतायत आणि नवीन जॉइन झालेल्या मुलांना वाटतं हे दोन-तीन वर्षांपूर्वी निघालेलं खूळ आहे. तसं अजिबात नाहीये. यामागे जवळपास २० वर्षांची ओढाताण आहे आणि ती एकाच प्रश्नावर आहे, सॉफ्टवेअर चालतं ठेवायचं ओझं नक्की कोणी उचलायचं?

आधी ते ऑप्सवाल्यांकडे, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे होतं. डेव्हलपर कोड लिहून मोकळा, मग तिकीट टाका, वाट बघा, आणि प्रॉडक्शनला बोंब झाली की दोन्हीकडून एकच उत्तर, आमच्याकडे तर चालतंय. २००६ मध्ये ॲमेझॉनचे सीटीओ वर्नर व्होगल्स एका मुलाखतीत म्हणाले की तुम्ही बनवलंय ना, मग चालवायचंही तुम्हीच. त्याच वर्षी ॲमेझॉनचं एस-थ्री (भाड्याने स्टोरेज) आणि ईसी-टू (भाड्याने सर्व्हर) आलं, म्हणजे सर्व्हरसाठी कोणाच्या मागे लागायची गरज संपत चालली. २००९ मध्ये फ्लिकर या फोटो शेअरिंग साइटच्या जॉन ऑल्सपॉ आणि पॉल हॅमंड यांनी दिवसाला १० पेक्षा जास्त डिप्लॉय कसे करतो, म्हणजे नवा कोड चालू सिस्टमवर इतक्या वेळा कसा चढवतो, ते भर कॉन्फरन्समध्ये सांगितलं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या गेंटला पहिलं डेवऑप्सडेज हे संमेलन भरलं. डेवऑप्स, म्हणजे डेव्हलपर आणि ऑप्सवाल्यांनी मिळून काम करणं, हा शब्द तिथून सगळीकडे गेला.

याच काळात हेरोकू होतं, लोकांची ॲप्स क्लाउडवर चालवून देणारं, आणि त्याच्यावर जरा थांबायला हवं. २००७ ला सुरू झालं, आधी फक्त रुबी भाषेत कोड लिहिणाऱ्यांसाठी. 'गिट पुश हेरोकू मास्टर' एवढी एक कमांड मारायची, बिल्ड व्हायचं, ॲप उभं राहायचं, यूआरएल हातात. आपण आज जे बांधायचा प्रयत्न करतोय त्याचं मूळ चित्र मला तरी हेच वाटतं. २०१० च्या डिसेंबरमध्ये सेल्सफोर्सने ते २१.२ कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. पण ज्यांना स्वतःचं नेटवर्क, स्वतःचे सिक्युरिटीचे नियम, स्वतःचा डेटाबेस पाहिजे होता त्यांना ती चौकट पुरायची नाही.

मग मार्च २०१३, पायकॉन, सॉलोमन हाइक्स यांनी ५ मिनिटांच्या टॉकमध्ये डॉकर दाखवलं, ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका कंटेनरमध्ये बांधून कुठेही चालवायचं साधन. जून २०१४ ला गूगलने असे ढीगभर कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस आणलं, आत वापरत असलेल्या स्वतःच्या बॉर्ग सिस्टमच्या अनुभवावर, आणि जुलै २०१५ ला १.० आलं तेव्हाच सीएनसीएफची, म्हणजे अशा ओपन सोर्स प्रकल्पांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेची, घोषणा झाली. ताकद प्रचंड मिळाली, पण हेरोकूचा तो सोपेपणा गेला. एक साधी एपीआय चढवायची तर डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, इन्ग्रेस, कॉन्फिगमॅप, सीक्रेट, ऑटोस्केलर, सगळ्यांची यामल नावाची सेटिंगची फाइल वेगळी. मी एक अख्खी रात्र यात घालवलीय, पॉड (ज्यांत कंटेनर चालतात ते) सगळे हिरवे, लॉगमध्ये एरर नाही, आणि ट्रॅफिक काही येत नाही. पहाटे कळलं की सर्व्हिसच्या सिलेक्टरमध्ये 'पेमेंट' लिहिलंय आणि पॉडच्या लेबलवर 'पेमेंट्स', त्यामुळे ट्रॅफिक कुठे पाठवायचं ती एंडपॉइंटची यादी रिकामी. ज्याचं काम पेमेंटचं लॉजिक लिहायचं आहे त्याने हे का शोधत बसायचं?

म्हणजे 'तुम्हीच चालवा' म्हणताना चालवायला लागणारी हत्यारं कोण देणार हे बहुतेक ठिकाणी कोणी बघितलंच नाही. २०१७ मध्ये कुबरनेटिसवर बोलणाऱ्यांमधलं मोठं नाव असलेल्या केल्सी हायटॉवर यांनी ट्विट केलं की कुबरनेटिस हा प्लॅटफॉर्म बांधण्यासाठीचा प्लॅटफॉर्म आहे, सुरुवात करायला चांगली जागा, शेवटचा मुक्काम नाही. नेटफ्लिक्सने आपल्या टीम्ससाठी 'पेव्हड रोड' तयार केला होता, म्हणजे बांधून दिलेला रस्ता, त्याच्यावरून गेलात तर सगळं आयतं मिळणार, बाहेरून गेलात तर तुमचं तुम्ही बघा. स्पॉटिफायमध्ये तर अशी वेळ आली होती की एखादी गोष्ट कशी करायची ते शेजारच्याला विचारूनच कळायचं, त्याला ते स्वतःच अफवांवर चालणारं डेव्हलपमेंट म्हणायचे. त्यातून 'गोल्डन पाथ', म्हणजे नेहमीच्या कामांसाठी आखून दिलेल्या वाटा, आल्या आणि बॅकस्टेज हे पोर्टल आलं, जे मार्च २०२० मध्ये ओपन सोर्स झालं आणि सप्टेंबरमध्ये सीएनसीएफकडे गेलं.

पुढचं सगळं पटापट झालं. गार्टनर या संशोधन आणि सल्ला देणाऱ्या कंपनीने भाकीत केलं की २०२६ पर्यंत ८० टक्के मोठ्या सॉफ्टवेअर संस्थांकडे प्लॅटफॉर्म टीम असतील, आणि मॅनेजमेंटला एकदम जाग आली. पण २०२४ चा डोरा रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअर टीम्सवरचा गूगलचा अहवाल, नीट वाचा. प्लॅटफॉर्म वापरणाऱ्यांची वैयक्तिक प्रॉडक्टिव्हिटी ८ टक्के आणि टीमची कामगिरी १० टक्के जास्त दिसली, पण त्याच वेळी डिलिव्हरीचा थ्रूपुट (बदल पोचवायचा वेग) ८ टक्के आणि बदलांची स्थिरता १४ टक्के कमी. फायदा कुठे होतो तेही त्यात आहे, डेव्हलपरला दुसऱ्या टीमवर अवलंबून न राहता आपलं काम पुरं करता आलं तर.

हे मी जवळून बघितलंय. एका ठिकाणी आमच्या पोर्टलवर 'नवीन डेटाबेस' असं छान बटण होतं, दाबलं की मागे एक तिकीट उघडायचं आणि डेटाबेस चौथ्या दिवशी मिळायचा. पोर्टलचा चेहरा आम्ही तसाच ठेवला, फक्त त्या बटणामागे टेराफॉर्मचं (कोडमधून सर्व्हर-डेटाबेस उभे करणाऱ्या टूलचं) मॉड्यूल जोडलं, साइज आणि बॅकअपचे नियम त्यातच घातले. आता बटण दाबून चहा घेऊन जागेवर येईपर्यंत कनेक्शनचं सीक्रेट त्या टीमच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे कुबरनेटिसमधल्या त्यांच्या कप्प्यात, पडलेलं असतं.