१०४ धावांनी पुढे, तरी घरी

सॅन डिएगो हे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाचं, मेक्सिकोच्या सीमेला चिकटलेलं शहर. २०१७ साली तिथला फुटबॉल संघ बाडबिस्तरा गुंडाळून लॉस एंजेलिसला गेला, आणि अमेरिकेतल्या मोठ्या चार लीगांपैकी या शहराकडे उरला एकच संघ, बेसबॉलचा पॅड्रेस. १९६९ पासून खेळणाऱ्या या संघाने अजून एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकलेली नाही. त्यामुळे तिथल्या लोकांचा या संघावर किती जीव आहे, हे वेगळं सांगायला नको.

२०२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा हे वर्ष आपलंच, असं गावाने धरून ठेवलं होतं. आदल्या वर्षी संघ अंतिम चारांत पोचला होता. मालक पीटर साइडलर यांनी हात सैल सोडला होता. खेळाडूंच्या पगाराचा आकडा सुमारे २५ कोटी डॉलर, म्हणजे तीस संघांत तिसऱ्या क्रमांकाचा. मॅनी मचाडो, फर्नांडो टाटीस ज्युनियर, हुआन सोटो, झँडर बोगार्ट्स असे चार तारे एकाच संघात. वर्षभरात ३२ लाखांहून जास्त तिकिटं खपली, संघाच्या इतिहासातला हा उच्चांक होता.

हंगाम संपला तेव्हा विजय ८२ आणि पराभव ८०. प्लेऑफची शेवटची जागा ८४ विजयांना गेली. पॅड्रेस घरी बसले.

मग व्हायचं तेच झालं. संघात एकी नाही, पैशाने जिद्द विकत घेता येत नाही, मोठे खेळाडू मोक्याच्या क्षणी गळपटतात, व्यवस्थापक बॉब मेल्विन यांचं वरिष्ठांशी पटत नाही. यातलं काही खरंही असेल. पण त्याच हंगामाच्या आकड्यांत एक वेगळी गोष्ट दडलेली आहे, आणि ती मला या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पॅड्रेसने वर्षभरात ७५२ धावा केल्या आणि ६४८ दिल्या. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा तब्बल १०४ धावा जास्त! मग १६२ सामन्यांतले जेमतेम निम्मेच विजय हाती कसे लागले?

आयपीएलच्या गुणतक्त्यात नेट रनरेटचा रकाना असतो. दोन संघांचे गुण सारखे झाले की आपण तो बघतो, एरवी विसरतो. बेसबॉलमध्ये धावांच्या या हिशेबाला फार मोठा मान आहे, आणि तो मिळवून दिला कॅन्सस राज्यातल्या एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने. बिल जेम्स हे त्याचं नाव. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्री राखण करताना तो बेसबॉलचे आकडे घेऊन बसायचा. एखाद्या संघाने किती सामने जिंकायला हवे होते, याचं एक साधं सूत्र त्याला सापडलं. केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा. दिलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा. पहिल्या वर्गाला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. आलेला आकडा म्हणजे जिंकायला हव्या होत्या त्या सामन्यांचं प्रमाण. वर्गांची बेरीज पाहून शाळेतलं प्रमेय आठवतं, म्हणून याला पायथागोरसचं सूत्र म्हणतात. भूमितीशी त्याचा काही संबंध नाही.

कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. ७५२ चा वर्ग ५,६५,५०४. ६४८ चा वर्ग ४,१९,९०४. बेरीज ९,८५,४०८. भागाकार ०.५७४. त्याला १६२ ने गुणलं की ९३. पुढे अभ्यासकांना दिसलं की घातांक २ ऐवजी १.८३ घेतला तर सूत्र प्रत्यक्षाशी आणखी जुळतं. तसं केलं तर पॅड्रेसच्या वाट्याला ९२ विजय येतात. प्रत्यक्षात मिळाले ८२. दहा विजय गेले कुठे?

ते गेले अटीतटीच्या सामन्यांत. एका धावेच्या फरकाने सुटलेले ३२ सामने पॅड्रेस त्या वर्षी खेळले, त्यातले ९ जिंकले आणि २३ हरले. बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा, तीन आऊट होईपर्यंत, बॅटिंग करतात. सामना बरोबरीत सोडत नाहीत, नऊ इनिंगांत निकाल लागला नाही तर पुढे खेळत राहतात. असे जादा इनिंगांत गेलेले सामने १४. पॅड्रेसने पहिले बाराच्या बारा गमावले, पहिला जिंकला तो थेट सप्टेंबरच्या उत्तरार्धात. जिंकले तेव्हा दहा-दहा धावांनी, हरले तेव्हा एकेका धावेने. दैव देतं आणि कर्म नेतं, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे कर्माने दिलं आणि दैवाने नेलं.

पण ‘दैव’ म्हणून मोकळं होणं हे विज्ञान नव्हे. दैव नेमकं शिरतं कुठून, ते बघायला हवं.

पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, जागा आणि बॅटरसमोरची होम प्लेट यांत १८.४४ मीटर अंतर. ताशी दीडशे किलोमीटरने सुटलेला चेंडू ०.४ सेकंदाच्या आसपास तिथे पोचतो. बॅटची जास्तीत जास्त जाडी ६.६ सेंटिमीटर, चेंडूचा व्यास सुमारे ७.३. क्रिकेटच्या बॅटला सपाट तोंड असतं. इथे मात्र गोल दांडक्याने गोल चेंडू मारायचा असतो, आणि दोघांची गाठ पडते सेकंदाच्या एक हजाराव्या भागापुरती. बॅट काही मिलिमीटर जास्त खालून गेली की चेंडू उंच उडून अलगद कोणाच्या तरी हातमोज्यात पडतो. काही मिलिमीटर जास्त वरून गेली की जमिनीवरून घरंगळतो. मधल्या चिंचोळ्या पट्टीत लागला तर कुंपणापलीकडे. माणसाचा हात कितीही तयार असला तरी ते काही मिलिमीटर दर वेळी त्याच्या ताब्यात राहू शकत नाहीत. त्यातून उत्तम बसलेला फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या अंगावर जाऊ शकतो, आणि वाईट लागलेला चेंडू दोघांच्या मधोमध टप्पा खाऊ शकतो. म्हणून दहापैकी तीन वेळा हिट मारणारा, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठणारा बॅटर इथे उत्तम समजला जातो. (बेस म्हणजे मैदानातले ठरलेले टप्पे. ते ओळीने पार करून होम प्लेटला परतलं की एक धाव.)

दुसरी वाट क्रमाची. समजा एका सामन्यात संघाने सहा हिट मारले. ते एकाच इनिंगमध्ये ओळीने आले तर तीन-चार धावा होतात. दर इनिंगला एक असे विखुरले तर बहुधा एकही होत नाही, कारण बेसवर उभा असलेला खेळाडू तीन आऊट झाले की तिथल्या तिथे पुसला जातो, पुढच्या इनिंगला पाटी कोरी. फटके तेच, मारणारे तेच, फक्त क्रम वेगळा. त्या हंगामाचे सुरुवातीचे काही महिने पॅड्रेसचं नेमकं हेच दुखणं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणूस उभा असताना हिट यायचाच नाही.

सामना जादा इनिंगांत गेला की हे सगळं आणखी तीव्र होतं. २०२० पासूनच्या नियमानुसार दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघाचा एक खेळाडू आयता दुसऱ्या बेसवर उभा करतात. मग एका साध्या हिटवर सामना फिरतो. शेकडो चेंडूंमधून जी गुणवत्ता हळूहळू वर येते, तिला इथे आठ-दहा चेंडूंत स्वतःला सिद्ध करावं लागतं.

मी एक रुपयाचं नाणं घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो. चौदा वेळा उडवायचं, छापा म्हणजे विजय. पहिल्या खेपेला आठ छापे, दुसऱ्या खेपेला सहा. तिसऱ्या खेपेला सलग सहा काटे पडले, तेव्हा नाणं उलटंपालटं करून बघावंसं वाटलं. आपल्या मनाची घडणच अशी आहे. नाण्याच्या बाबतीतही आपण कारण शोधायला लागतो, मग माणसांच्या बाबतीत विचारायलाच नको.

गणित असं आहे. सलग बारा काटे पडण्याची शक्यता ४,०९६ मध्ये एक. चौदांत दोन किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता १५५ मध्ये साधारण एक. ३२ मध्ये नऊ किंवा त्याहून कमी, ही शक्यता शंभरात एक. आकडे भयंकर दिसतात. पण लीगमध्ये संघ तीस आहेत आणि हंगाम दर वर्षी होतो. शंभरात एक अशी घटना तीस संघांत मिळून तीन-साडेतीन वर्षांत एकदा घडणारच. ती कुठे घडेल ते आधी सांगता येत नाही, आणि घडते त्या गावाला मात्र ती फक्त आपल्याच वाट्याला आली असं वाटतं. (हे दोन आकडे एकमेकांत गुणू नयेत. जादा इनिंगांतले बरेचसे सामने एकाच धावेने सुटतात, त्यामुळे तेच पराभव दोन्ही ठिकाणी मोजले जातात.)

पूर्ण हंगामालाही हेच लागू आहे. तीस संघांऐवजी तीस नाणी १६२ वेळा उडवली तर सगळ्यांना ८१ विजय मिळणार नाहीत. दोन तृतीयांश नाणी ७५ ते ८७ च्या दरम्यान पडतील, आणि एखाद-दुसरं ९४ च्या वर किंवा ६८ च्या खाली जाईल, कोणतंही कौशल्य नसताना. १६२ सामने आपल्याला भरपूर वाटतात. गुणवत्ता आणि योगायोग नीट वेगळे करायला ते पुरत नाहीत.

नाण्याची दुसरी बाजू त्याच वर्षी, त्याच स्पर्धेत पाहायला मिळाली. मायामी मार्लिन्स संघाने ६६६ धावा केल्या आणि ७२३ दिल्या, म्हणजे ५७ धावांनी मागे. १.८३ घातांकाच्या सूत्रानुसार त्यांना ७५ विजय मिळायला हवे होते. मिळाले ८४, कारण एका धावेचे सामने त्यांनी ३३ जिंकले आणि १४ हरले. ते प्लेऑफमध्ये गेले. अॅरिझोना डायमंडबॅक्सनेही केल्या त्यापेक्षा १५ धावा जास्त दिल्या होत्या. तेही ८४ विजयांवर आत शिरले आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. या संघांबद्दल जिद्द, एकजूट, लढाऊ बाणा असं पुष्कळ लिहिलं गेलं. त्यांचे खेळाडू मेहनती नव्हते असं मी म्हणत नाही. पण पॅड्रेसचे खेळाडू मेहनत करत नव्हते असंही नाही. शेवटच्या इनिंगला चेंडू टाकणारा त्यांचा जॉश हेडर त्या वर्षी जबरदस्त खेळला. ब्लेक स्नेलला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. कच खाणाऱ्या संघाची ही लक्षणं नाहीत.

एका धावेचे सामने जिंकणं हे कौशल्य असतं, तर ते पुढच्या वर्षीही दिसलं असतं. अभ्यासक वर्षानुवर्षं हे तपासत आले आहेत, आणि या वर्षीचा हिशेब पुढच्या वर्षी जवळपास पुसला जातो, असंच दिसतं. मधल्या फळीतले राखीव पिचर चांगले असतील तर थोडा फायदा होतो, एवढं मान्य करायला हवं. पॅड्रेसची ती बाजू लंगडी होती. पण त्याने दहा विजयांचा खड्डा भरत नाही.

मार्लिन्सचं पुढच्या वर्षी काय झालं? ६२ विजय, १०० पराभव. सुरुवात बिघडल्यावर त्यांनी चांगले खेळाडू विकले, त्यामुळे सगळा दोष सरासरीकडे परतण्याला, म्हणजे नशिबाची साथ ओसरण्याला, देता येणार नाही. तरी आदल्या वर्षीच्या त्या ८४ मध्ये किती हवा होती, ते दिसलंच.

याचा अर्थ प्रत्येक वाईट हंगाम दुर्दैवाचा असतो असा नाही, आणि इथे मला हे सूत्र खरं उपयोगाचं वाटतं. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. १९०० नंतर एका हंगामात इतके पराभव कुणाच्याही वाट्याला आले नव्हते. त्यात सलग २१ पराभवांची एक रांगही होती. त्यांनी ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. तेच १.८३ चं सूत्र त्यांना ४८ विजय देतं, मिळाले ४१. म्हणजे नशिबाने सात विजय नेले, हे खरं. पण ते सात परत दिले तरी संघ ११४ सामने हरलेलाच राहतो. तिथे खेळाडू बदलणं, व्यवस्था बदलणं रास्तच होतं. पॅड्रेसचं तसं नव्हतं. दोन्ही गावांतल्या लोकांचं दुःख सारखंच खरं, पण दुखणी वेगळी, आणि औषधंही वेगळी.

२०२३ च्या हंगामानंतर मेल्विन सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडे गेले. खर्च कमी करायचा म्हणून सोटोला न्यू यॉर्क यांकीजकडे दिलं. स्नेल गेला, हेडर गेला. कागदावर पाहिलं तर संघ आधीपेक्षा दुबळा. २०२४ मध्ये या संघाने ७६० धावा केल्या, ६६९ दिल्या, म्हणजे ९१ धावांनी पुढे, आदल्या वर्षीपेक्षा किंचित कमीच. विजय मात्र ९३. आदल्या वर्षी सूत्राने सांगितलेल्या ९२ पेक्षा एकच जास्त.

पीटर साइडलर यांना ते पाहायला मिळालं नाही. ८२-८० चा तो हंगाम संपल्यावर दीड महिन्याने, १४ नोव्हेंबर २०२३ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी ते गेले.